लॅपटॉपवर दिसतंय म्हणजे लॅपटॉपमध्ये आहे असं नाही

पत्र:

दादा, माझं गूगलचं 100 जीबीचं स्टोरेज भरत आलंय, 86 जीबी वापरलं असं दाखवतंय. त्यात 2013 पासूनचे फोटो आहेत, मुलांच्या लहानपणीचे व्हिडिओ आहेत, महत्त्वाची कागदपत्रं स्कॅन केलेली आहेत आणि माझ्या क्लासच्या नोट्स. दर महिन्याला पैसे भरायचा कंटाळा आला म्हणून नवीन लॅपटॉप घेतला, त्यावर ड्राइव्हचं अ‍ॅप टाकलं, सगळे फोल्डर दिसायला लागले, मला वाटलं झालं काम. मग वेबवर जाऊन नोट्सचा फोल्डर डिलीट केला तर थोड्या वेळात लॅपटॉपवरनंही गायब! ट्रॅशमध्ये सापडला म्हणून वाचले, पण तेव्हापासून कशालाच हात लावायची हिंमत होत नाहीये. आणि फोटो तर त्या अ‍ॅपमध्ये दिसतच नाहीत. हे सगळं क्लाउडमधून काढून खरोखर माझ्या कॉम्प्युटरवर कसं आणायचं?
— ट्रॅशमुळे वाचलेली

उत्तर:

ताई, पहिली गोष्ट म्हणजे तुमचं काहीही गेलेलं नाहीये आणि तुमच्याकडनं काही मूर्खपणा पण झालेला नाही. ही चूक इतके जण करतात की मला येणाऱ्या पत्रांत दर दोन-तीन महिन्यांनी एक तरी असंच असतं, फक्त सगळ्यांना ट्रॅशमध्ये फाइल सापडत नाही. तुम्हाला सापडली आणि तुम्ही तिथेच थांबलात हे खूप बरं केलंत. आता मी सांगेपर्यंत काहीच डिलीट करू नका, प्लॅन पण बंद करू नका, एक-दोन महिने पैसे जास्त गेले तरी चालतील.

झालं काय ते आधी समजून घ्या म्हणजे भीती जाईल. ड्राइव्हचं ते अ‍ॅप फाइल्स "आणत" नाही, ते सिंक करतं. सिंक म्हणजे दोन्हीकडे सारखं ठेवणं, इकडे काढलं की तिकडनं जाणार आणि तिकडे काढलं की इकडनं. त्यात अ‍ॅपमध्ये दोन पद्धती असतात, स्ट्रीम आणि मिरर. स्ट्रीम चालू असेल तर लॅपटॉपवर एक नवीन ड्राइव्ह दिसतो, बहुतेक जी नावाचा, त्यातले फोल्डर खरे वाटतात पण फाइल क्लाउडमध्येच असते, तुम्ही उघडली की तेवढ्यापुरती खाली येते. मिररमध्ये फाइल खरोखर डिस्कवर येते, पण ती पण सिंकला बांधलेलीच, त्यामुळे वेबवर डिलीट केलं की मिररमधनं पण जाणारच. म्हणजे तुम्ही कुठलीही पद्धत निवडली असती तरी परिणाम तोच झाला असता. खरी कॉपी म्हणजे सिंकच्या फोल्डरच्या बाहेर, साध्या फोल्डरमध्ये ठेवलेली फाइल, जिचा क्लाउडशी काही संबंध उरलेला नाही.

हे तपासायची एक सोपी युक्ती आहे, ती आत्ताच करून बघा. वायफाय बंद करा आणि त्या जी ड्राइव्हमधला एखादा जुना व्हिडिओ उघडा, असा की जो तुम्ही वर्षभरात बघितलेला नाही. उघडला नाही तर तो लॅपटॉपवर नाहीये, संपला विषय. हीच परीक्षा आपण शेवटी परत घेणार आहोत. वनड्राइव्ह म्हणजे मायक्रोसॉफ्टचं क्लाउड, ते वापरणाऱ्यांसाठी अजून एक खूण आहे, फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या की "साइझ" आणि "साइझ ऑन डिस्क" असे दोन आकडे दिसतात, साइझ समजा 300 एमबी आणि साइझ ऑन डिस्क शून्य असेल तर ती फाइल नुसतं नाव आहे, माल वर ढगातच आहे. तिथे निळा ढग दिसला तर ऑनलाइन, हिरवी टिक दिसली तर खाली आलेली.

फोटो ड्राइव्हमध्ये दिसत नाहीत कारण गूगलने जुलै 2019 मध्ये ड्राइव्ह आणि फोटोज एकमेकांपासून तोडले, जागा मात्र दोघं एकाच कोट्यातली खातात, जीमेल पण त्यातच. त्यामुळे तुमचं काम दोन वाटांनी होणार, नोट्स आणि कागदपत्रं एका वाटेनं, फोटो-व्हिडिओ दुसऱ्या.

सुरू करायच्या आधी जागा कुठे करायची ते ठरवा, हे मी मुद्दाम आधी सांगतोय कारण इथे लोक दुसऱ्यांदा फसतात. नवीन विंडोज लॅपटॉपवर बऱ्याचदा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तिन्ही फोल्डर वनड्राइव्हच्या बॅकअपमध्ये आपोआप गेलेले असतात. तुम्ही गूगलमधून उतरवलेले 86 जीबी डेस्कटॉपवर ठेवले तर लॅपटॉप ते गुपचूप दुसऱ्या क्लाउडवर चढवायला लागेल, तिथे फुकटात मिळतात 5 जीबी, ते भरतील आणि मग स्टोरेज फुल झाल्याचे मेसेज सुरू, आणि तुम्हाला वाटेल हे तर गूगलचंच काहीतरी चाललंय. म्हणून सी ड्राइव्हमध्ये थेट एक फोल्डर बनवा, नाव छोटं ठेवा, नुसतं "जुने" असं ठेवलं तरी चालेल. छोटं नाव अशासाठी की विंडोजमध्ये फोल्डरांसकट फाइलचा पूर्ण पत्ता साधारण 260 अक्षरांच्या पुढे गेला की बरेच प्रोग्राम अडतात, आणि आपण फोल्डरात फोल्डर, त्यात लांबलचक नावं ठेवलेली असतात.

किती जागा लागेल? 86 जीबी झिपमध्ये, म्हणजे सगळ्या फाइलींच्या एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यात, येणार आणि मग तो उघडल्यावर परत तेवढेच, फोटो-व्हिडिओ झिपमध्ये फारसे दबत नाहीत, म्हणजे 175 जीबीच्या आसपास मोकळी जागा हवी. तुमचा लॅपटॉप 512 जीबीचा असेल तर तो विंडोजमध्ये 476 च्या आसपास दाखवतो, घाबरू नका, ती मोजायची पद्धत वेगळी असल्यामुळे तसं दिसतं. वेळेचा हिशोब पण करून ठेवा, इंटरनेट 50 एमबीपीएसचं असेल तर सेकंदाला सव्वासहा एमबी येतात, म्हणजे 86 जीबीला कागदावर चार तास, पण प्रत्यक्षात स्पीड कमी-जास्त होतो आणि मधे एखादा भाग तुटतो, तेव्हा सुट्टीचा अख्खा दिवस धरून चाला. लॅपटॉप चार्जरला लावा आणि पॉवरच्या सेटिंगमध्ये जाऊन स्लीप "नेव्हर" करा. हे फार महत्त्वाचं आहे, का ते पुढे सांगतो.

आता नोट्स. वेबवर ड्राइव्ह उघडा, फोल्डरवर राइट क्लिक, डाउनलोड. गूगल त्याची झिप करून देतं, फोल्डर मोठा असेल तर दोन-दोन जीबीचे तुकडे करतं, आणि कधीकधी एखादी खूप मोठी फाइल झिपच्या बाहेर वेगळी येते, ती राहून जाऊ देऊ नका. नोट्स तुम्ही गूगल डॉक्समध्ये टाइप केल्या असतील तर एक गोष्ट नीट वाचा. जी ड्राइव्हमध्ये ह्या फाइल्स जीडॉक अशा शेवटाच्या दिसतात, एक-दोन केबीच्या. त्या ओढून दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकल्या तर तुम्ही कॉपी केलात नुसता पत्ता, आत एक ओळही मजकूर नाही! मूळ डॉक डिलीट झालं की तो पत्ता काही कामाचा राहत नाही. वेबवरून डाउनलोड केलं की मात्र गूगल त्याचं वर्डच्या फाइलमध्ये रूपांतर करून देतं, शीटचं एक्सेलमध्ये. रूपांतरात कधी फॉन्ट बदलतो, टेबल सरकतं, म्हणून ज्या नोट्स तुम्ही प्रिंट काढून वाटता त्या दोन-चार उघडून बघा, आणि ज्या आता बदलायच्याच नाहीत त्यांची पीडीएफ पण काढून ठेवा, पीडीएफमध्ये पान जसंच्या तसं राहतं.

"शेअर्ड विथ मी" मधलं मात्र वेगळं बघायला लागेल. ते तुमचं नाहीच, दुसऱ्याच्या अकाउंटमधलं आहे, मालकाने काढलं की तुमच्याकडनं पण जातं. त्यातलं जे हवंय ते एकेक उघडून डाउनलोड करा. आणि उलटंही लक्षात ठेवा, तुम्ही विद्यार्थ्यांना ज्या नोट्सची लिंक दिलीय ती फाइल तुम्ही ड्राइव्हवरून काढली की त्यांची लिंक बंद पडणार, तेव्हा चालू बॅचच्या नोट्स तिथेच राहू द्या, त्या असून असून किती जागा खाणार.

आता खरं काम, फोटो. त्यासाठी गूगल टेकआउट नावाची सोय आहे, 2011 पासून आहे पण बऱ्याच लोकांना माहीतच नसते. ब्राउझरमध्ये टेकआउट डॉट गूगल डॉट कॉम टाका. तिथे सगळ्याच गोष्टींना आधीपासून टिक असते, ती "डिसिलेक्ट ऑल"ने काढा आणि फक्त गूगल फोटोजला टिक करा. पुढच्या पानावर विचारेल कसं पाठवू, तिथे ईमेलने लिंक हा पर्याय घ्या, "ड्राइव्हमध्ये टाका" हा घेऊ नका, कारण ती झिप तुमच्याच भरत आलेल्या कोट्यात जाऊन बसेल आणि जागा संपेल. प्रकार झिप. आणि तुकड्याचा आकार विचारतं, जास्तीत जास्त 50 जीबीपर्यंत. मी म्हणेन 10 घ्या, नेट सारखं तुटत असेल तर 4 घ्या. 50 चा मोह होतो, एकदोन फाइलींत काम संपेल असं वाटतं, पण 48 व्या जीबीला नेट गेलं तर सगळं पहिल्यापासून, त्यापेक्षा छोटे तुकडे कधीही बरे.

मग ईमेल यायची वाट बघायची, काही तासांत पण येतो, कधी एक-दोन दिवस पण लागतात. लिंक साधारण आठवडाभरच चालते आणि एकेक तुकडा ठरावीक वेळाच उतरवता येतो, म्हणून ज्या आठवड्यात तुम्हाला खरंच वेळ आहे त्याच आठवड्यात टेकआउट मागवा.

इथे माझी गोष्ट सांगतो, कारण ती मला अजून टोचते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका जुन्या अकाउंटमधून असेच 11 तुकडे रात्रभर लावून उतरवले, सकाळी फोल्डरमध्ये 11 झिप दिसल्या, मी मोजल्या, अकरा भरल्या, आणि खुशाल क्लाउडवरनं सगळं काढून ट्रॅश पण रिकामा केला. वर्षभरानं एक जुना फोल्डर हवा होता तेव्हा आठव्या झिपवर डबल क्लिक केलं तर विंडोज म्हणतंय हा झिप फोल्डर इनव्हॅलिड आहे. रात्री लॅपटॉप झोपला होता आणि आठवा तुकडा अर्धाच उतरला होता, बाकीचे सगळे 2 जीबीचे आणि तो एकटा 700 एमबीचा, समोर दिसत होतं आणि मी बघितलं नाही. त्यात दीड वर्षाचे फोटो होते. कुणाकडे काय काय पाठवलं होतं ते मागून मागून थोडे परत जमवले, बाकी गेले ते गेलेच.

म्हणून झिप मोजू नका, उघडा. प्रत्येकीचा आकार बघा, शेवटची सोडून सगळ्या साधारण सारख्या असायला हव्यात, एखादी फारच लहान वाटली तर परत उतरवा. मग सेव्हन-झिप हा फुकटचा प्रोग्राम टाका, सगळ्या झिप एकदम सिलेक्ट करा आणि सगळ्या एकाच फोल्डरमध्ये उघडा, वेगवेगळ्या नाही. हे अशासाठी की टेकआउट एकाच वर्षाचे फोटो दोन-तीन झिपमध्ये वाटून टाकतं, एकत्र उघडलं की ते आपोआप आपापल्या फोल्डरमध्ये जाऊन बसतात. सेव्हन-झिपमध्ये "टेस्ट" असा एक पर्याय आहे, तो झिप फुटकी आहे का ते आधीच सांगतो, तो मला तेव्हा माहीत असता तर बरं झालं असतं.

उघडल्यावर तुम्हाला एक-दोन धक्के बसतील ते आधीच सांगून ठेवतो. फोटोच्या शेजारी त्याच नावाची एक जेसन फाइल दिसेल, शेकड्यांनी दिसतील, कचरा समजून काढून टाकू नका. फोटो कधी काढला, कुठे काढला, तुम्ही खाली काय लिहिलं होतं ही माहिती त्यात असते. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोच्या पोटातच तारीख असते त्यामुळे त्याचं अडत नाही, पण व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंची ती माहिती वाटेतच पुसली जाते, मग लॅपटॉपवर ते सगळे आजच्या तारखेचे दिसतात. मुलांचा पहिलीतला फोटो आजच्या तारखेला दिसला की माणूस घाबरतो, पण गूगल फोटोजमध्ये त्याची जी तारीख दिसत होती ती जेसनमध्ये असते. एक्झिफटूल नावाचा फुकटचा प्रोग्राम आहे, फिल हार्वी यांनी बनवलेला, तो जेसनमधली तारीख फोटोत परत भरू शकतो, फक्त तो कमांड टाइप करून चालवायचा आहे, तेव्हा घरातल्या कुणाला येत असेल तर त्याची मदत घ्या, आणि हे सावकाश केलं तरी चालतं, जेसन जपून ठेवल्या म्हणजे झालं. दुसरं, जो फोटो अल्बममध्ये आहे तो वर्षाच्या फोल्डरमध्ये पण असतो आणि अल्बमच्या पण, म्हणजे डबल. लगेच साफसफाईला बसू नका, नंतर बघू.

आता परत वायफाय बंद. प्रत्येक वर्षाच्या फोल्डरमधनं पाच-सहा फोटो उघडा आणि एक व्हिडिओ शेवटपर्यंत चालवा, नुसता सुरू करून बंद नाही, शेवटपर्यंत, कारण अर्धा उतरलेला व्हिडिओ सुरुवातीला व्यवस्थित चालतो. 2013 पासून एकेक वर्ष आहे ना ते बघा, एखादं वर्ष अगदीच रिकामं वाटलं तर वेबवर जाऊन ताडून बघा.

सगळं नीट आहे असं वाटलं तरी अजून डिलीट नाही! आत्ता तुमचा माल दोन ठिकाणी आहे, क्लाउड काढला की एकाच लॅपटॉपवर राहणार आणि लॅपटॉप पडतो, चोरीला जातो, डिस्क अचानक बंद पडते, क्लाउडपेक्षा हे सगळं जास्त वेळा होतं. पीटर क्रोग नावाचे फोटोग्राफर आहेत, त्यांनी सांगितलेला 3-2-1 चा नियम कॉम्प्युटरवाले सगळे मानतात, तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. तुम्ही निदान एवढं करा की एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या, "जुने" फोल्डर त्यावर कॉपी करा, आणि जमलं तर तशीच दुसरी डिस्क बहिणीकडे किंवा कुणा विश्वासातल्या माणसाकडे ठेवा. जुनी पेन ड्राइव्ह वापरणार असाल तर ती फॅट32 ह्या फाइली साठवायच्या जुन्या पद्धतीची असू शकते, तिच्यात 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल जातच नाही, मग मोठा व्हिडिओ कॉपी होत नाही आणि जागा तर आहे मग का जात नाही ते कळत नाही. तिला एक्सफॅट ह्या नव्या पद्धतीने फॉरमॅट करा, अर्थात आतलं आधी दुसरीकडे काढून. आणि कागदपत्रांचे स्कॅन ज्या डिस्कवर असतील तिला पासवर्ड लावा.

तुमच्याकडे गूगलच आहे, पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन ओळी. वनड्राइव्हमध्ये फोल्डरवर राइट क्लिक करून "ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस" करा, हिरव्या टिका येऊ द्या, आणि मग तो फोल्डर वनड्राइव्हच्या बाहेर कॉपी करा, कट नाही. अ‍ॅपलवाल्यांनी आयक्लाउडच्या वेबवरून फोटो घेतले तर एका वेळी 1000 च येतात, जास्त असतील तर प्रायव्हसी डॉट अ‍ॅपल डॉट कॉम वरून सगळ्या डेटाची प्रत मागवावी. आणि ज्यांना कमांड लिहायची भीती वाटत नाही त्यांनी क्लाउडमधल्या फाइली उतरवणारा आरक्लोन नावाचा प्रोग्राम बघावा, फार चांगला आहे, फक्त त्यात "कॉपी" वापरा, "सिंक" नको, सिंकमध्ये जिथे टाकताय तिथलं जास्तीचं ते काढून टाकतं.

आता डिलीटचं. हार्ड डिस्क झाली की महिनाभर थांबा, त्या महिन्यात क्लाउडवर जायचंच नाही, काही हवं असेल तर लॅपटॉपवरच शोधा. काही राहिलं असेल तर ह्याच महिन्यात कळेल. मग मोठे व्हिडिओ आधी काढा, जागा त्यांनीच खाल्लीय, एकदम सगळं नाही. आणि एक गोष्ट ताई, ही चुकवू नका: फोनवर गूगल फोटोजचं बॅकअप चालू असेल तर वेबवरून फोटो काढल्यावर तो फोनमधनंही जाऊ शकतो, तुमच्या नोट्सचं जे झालं अगदी तसंच. म्हणून फोन केबलने लॅपटॉपला लावून त्यातला कॅमेऱ्याचा फोल्डर आधी कॉपी करून घ्या.

ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल 30 दिवस राहते, बॅकअप झालेले फोटो फोटोजच्या ट्रॅशमध्ये 60 दिवस. ट्रॅशमध्ये असेपर्यंत ड्राइव्हवरची जागा मोकळी होत नाही म्हणून लोक घाईनं ट्रॅश रिकामा करतात, तुम्ही करू नका, ते दिवस आपले आपण संपू द्या. वापर 15 जीबीच्या खाली आला की मगच प्लॅन बंद करा, जास्त असताना बंद केला तर जीमेल येणं-जाणं थांबतं आणि कोट्याच्या वर दोन वर्षं राहिलात तर गूगल आतलं काढून टाकू शकतं.

तुम्ही आज फक्त स्लीपचं सेटिंग बदला, "जुने" फोल्डर बनवा आणि नोट्सचा तो एक फोल्डर उतरवून वायफाय बंद करून उघडून बघा. तो उघडला की येत्या सुट्टीच्या आधी टेकआउट मागवा, आणि ईमेलमध्ये किती तुकडे आले आणि कुठला अडला ते मला लिहा.